बोटांचे बूट, बारीक जोडवी

ताई, सगळ्या म्हणतायत तू भाग्याची गेलीस. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा, नवऱ्याच्या खांद्यावरून गेलीस, बाईच्या जातीला आणखी काय हवं? दांडीहून आलेली ती लांबची मावशी माझा हात धरून म्हणाली, "आमालापन असाच मरान येऊ दे गो बाय." मी म्हटलं, "येऊ दे की, पण मग आधी पायाचं बोट कापून घ्या." मावशीच्या हातातला चहा तसाच राहिला. आई, आपल्या सासूबाई, माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी सगळ्यांच्या ताटात माती कालवली.

तू असतीस तर डोळे वटारले असतेस. "मंजू, जीभ आवर." वटार आता. काल तेरावा उरकला, पाहुणे गेले, भाड्याची पातेली घासून परत गेली. आता मला जे बोलायचंय ते तुझ्याशीच बोलायचंय, कारण आपलं भांडण तू अर्ध्यात टाकून निघून गेलीस. भांडणात अशी पळवाट काढतात होय गं?

घरात मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. तू थोरली जाऊ, त्यात शाळेतली बाई, सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारी. पण धावायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तू रस्त्यात थांबलीस, कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणालीस, "मंजू, धावताना ते तुम्ही-आम्ही नको बाई. एवढा श्वास कुठंय?" मग रस्त्यावर तू आणि फाटकातून आत आलं की तुम्ही, असं आपलं चालायचं. आता फाटकातून तू काही आत यायची नाहीस. म्हणून तूच.

तुला शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चाला. तू म्हणालीस, चालत तर मी शाळेतसुद्धा जाते, त्यानं काय होतंय, मी धावणार! त्याच सुमारास मी कामाला होते ते बोयसरचं युनिट बंद पडलं होतं. मी घरी बसून भिंतीला तोंड करून लोळायचे, कुणाशी धड बोलायचे नाही. तू एका सकाळी येऊन माझी चादर खेचलीस. "ऊठ, मला सोबत पाहिजे. एकटी धावले तर कुत्री मागं लागतात." कुत्र्यांना तू मुळीच घाबरत नव्हतीस, हे मला महिन्याभरानं कळलं. नवी नोकरी लागायच्या आधी मला तू माणसात आणलंस, ताई. हे तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. आज सांगते, आणि सांगतानासुद्धा तुझा राग येतोय.

तुझे पाय म्हणजे एक प्रकरणच होतं. सफाळ्याकडच्या माहेरच्या शेतात लहानपणापासून भाताची आवणी केलेली, अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलात. पुढं आमच्या वाडीत पाट सोडत चिकूच्या आळ्यांतून फिरून आणखी पसरलेले. पंजा परातीएवढा आणि बोटं एकमेकांवर रुसल्यासारखी लांब लांब. पालघरला दुकानात गेलो तर कुठलाही बूट तुला टाचेला सैल आणि पुढं घट्ट. बोयसरला त्या भैय्यानं तुझ्या पायाकडे बघून सरळ सांगितलं, "दीदी, आपका पंजा चौडा है, जेन्ट्स में देख लो." तू इतकी हसलीस की दुकानातल्या बाकावर बसलीस. नंतर घेतलेसुद्धा जेन्ट्सचे. टाचेकडे कापडाच्या घड्या कोंबून धावायचीस, आणि घरी आलीस की बोटांच्या कडा लाल.

मग मी ते बोटांचे बूट मागवले. पातळ तळाचे, प्रत्येक बोटाला वेगळी खोली असलेले. दोन जोड, एक तुला, एक मला. खोकं उघडल्यावर आई दोन पावलं मागं सरकल्या. "ह्ये काय गो? माकडाचा पाय हाय का?" तू ओट्यावर बसून ते घालायला घेतलेस. अंगठा गेला, मधली गेली, करंगळी काही केल्या आपल्या खोलीत जाईना. "मंजू, ही करंगळी म्हणजे माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरगी. सगळी बसली तरी ही दारातच." कितीतरी वेळ आपण दोघी तुझ्या करंगळीला समजावत होतो. आणि एकदा सगळी बोटं बसल्यावर तू उभी राहिलीस, पंजे उचलून बघितलेस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या पायाचं माप घेऊन काही शिवल्यासारखं.

दांडीच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी मासळी सुकवणाऱ्या बायकांनी काम टाकलं. "आगो बघा, मास्तरीन पायांत हातमोजे घालून धावते!" तू थांबून त्यांना पाय दाखवलास, एकीला तर बूट काढून हातात दिलास. त्या फिरवून फिरवून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून आपण दिसलो की "हातमोजेवाल्या आल्या" अशी हाळी यायची.

मला त्या बुटांनी सुरुवातीला रडवलं. टाच टेकवून धावायची सवय, ती यात चालत नाही. पोटऱ्या अशा भरून यायच्या की कंपनीत जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरायचे. खडी टोचली की आई गं करत उडी मारायचे. करंगळीला फोड आला, फुटला, पुन्हा आला. आणि तू? तुला काहीच नाही. खडी असो, शिंपले असोत, तू आपली चाललीस. वर मलाच शिकवायचीस, "बूट असा हवा मंजू, घातलाय हे कळलंच नाही पाहिजे." मला वाटायचं, केवढी चिवट बाई आहे ही! अनवाणी वाढलेले पाय, त्यांना काय होतंय?

अडचण एकच होती. जोडवी. अंगठ्याशेजारच्या बोटाची खोली त्या बुटात अगदी बोटापुरतीच. तिथं जोडवं घालून पाय घालायचा म्हणजे चुलीत लाकूड आडवं सारायचं. मी माझी काढून डब्याच्या पिशवीत टाकायचे. मला सवय होती. आमच्या कंपनीत आत शिरायच्या आधी अंगठी, कडं, जोडवी सगळं काढायला लावतात, तसा बोर्डच आहे दाराशी. आईंनी त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. कंपनीनं सांगितलंय ना, मग चालतं. तुला सांगणारी कंपनी नव्हती.

पहिले काही दिवस तूही काढलीस. रुमालाच्या टोकाला बांधून कमरेला खोचायचीस. आणि त्याच आठवड्यात तुझा नवरा, आमचे दादा, बोयसरच्या रस्त्यावर स्कूटरवरून घसरले. वळणावर कुणाच्या तरी ट्रकमधून वाळू सांडलेली होती. मनगट मोडलं, बाकी काही नाही. पण आईंनी तुझ्या पायांकडे बघितलं. बोटावर नुसता पांढरा वळ. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाल्या, "मी काढली ती एकदाच काढली गो. मंग पुन्ना घालायला मिलाली नाय." सासरे गेले तेव्हाचं सांगत होत्या. त्या दिवशी तुझं तोंड उतरलं ते उतरलंच.

मी किती भांडले तुझ्याशी! चिंचणीच्या रस्त्यानं, खाडीच्या पुलावर, बोयसरकडून कारखान्यांचा वारा आला की घसा खवखवायचा तरी धावता धावता भांडले. म्हटलं, तू वर्गात कार्यकारणभाव शिकवतेस आणि घरी वाळूवरून घसरलेली स्कूटर बोटात घालतेस? तू म्हणायचीस, "मला कळतं गं. डोक्याला कळतं." मग पुढं, अगदी हळू, "ह्यांनी एकदा तोंडानं म्हणावं, काढ, काय होत नाही. एकदा. मग मी काढते, आणि मग आई काही बोलोत." एवढंच हवं होतं तुला. एक वाक्य. नवऱ्याच्या तोंडून.

मी गेले होते दादांकडे. तुला ठाऊक नसेल. ते मागच्या पडवीत चिकू निवडत बसले होते, मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. म्हटलं, दादा, ताईंना सांगा ना, धावताना जोडवी काढत जा म्हणून. त्यांनी मान वर केली नाही. "तुमचा बायकांचा मला काय कलते?" एक चिकू दाबून बघितला, बाजूला टाकला. "मी तिला घाल म्हटलं नाय, काढ म्हटलं नाय. तिला वाटेल तसा करू दे." वा! केवढा मोठेपणा! पण थोरल्या दिराशी किती बोलणार?

मग तू तुझा मधला मार्ग काढलास. सफाळ्याच्या सोनाराकडे जाऊन जोडवी वितळवून बारीक करून आणलीस. तारेसारखी. "बघ, आता बुटात बसतात. आईही खूश, बूटही खूश." मी म्हटलं, ताई, जाड जोडवं दाबतं, ही तार कापेल. तिची टोकं उघडी आहेत. तू पाय पुढं करून दाखवलास, बूट घालून दाखवलास, ओट्याच्या कडेवर चवड्यांवर उभी राहून दाखवलंस. "कुठं टोचतंय? लागतच नाही गं काही. एकदम मापात." आणि हसलीस, वर्गात एखादं गणित सोडवून दाखवल्यासारखी.

लागतच नव्हतं. तेच तर होतं सगळं.

रविवारी मी दोघींचे बूट धुवायचे. बोटांचे बूट फार वास मारतात, एकेक खोली उलटी करून साबण लावावा लागतो. तुझ्या उजव्या बुटाचं ते बोट उलटं केलं तर आत तपकिरी डाग, वाळून कडक झालेला. तुला हाक मारली. तू लांबूनच म्हणालीस, "चिखल असेल." तिथं कुठला चिखल, ताई? उन्हाळा चालू होता. पाय दाखव म्हटलं तर तू साडी खाली ओढलीस आणि वह्या तपासायला बसलीस. तू गुपचूप जखमेत हळद भरत होतीस, वर चिंधी बांधत होतीस, वरून मोजे घालून शाळेत जात होतीस. उन्हाळ्यात मोजे! जखम दुखत नाही म्हणजे बरी होतेय, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय गं? आठवीच्या की सातवीच्या? त्वचा हे ज्ञानेंद्रिय, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचीस ना तू?

ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेलं. बोयसरला, आणि तिथून वापीला. बोट इतकं सुजलं होतं की तार मांसात रुतून दिसेनाशी झाली होती. सिस्टरनं कटरनं कापून काढली. दादा दाराशी उभे होते. सिस्टरनं दोन तुकडे त्यांच्या हातात दिले, त्यांनी खिशात टाकले. डॉक्टरांनी तुला विचारलं, पाय बधीर कधीपासून आहेत? तू छताकडे बघायला लागलीस. मग म्हणालीस, बरेच दिवस. धावायला लागायच्याही आधीपासून. मी तिथंच तुझ्या खाटेच्या पायथ्याशी बसले. किती सहज सांगितलंस! माझ्यापासून लपवलंस, सगळ्यांपासून लपवलंस. माझ्या फोडांवर हसायचीस तेव्हा तुला तुझा पायच कळत नव्हता.

संध्याकाळी तू स्वतःहून बोललीस. "दुसऱ्या बुटांत तर अंधारात चालल्यासारखं वाटायचं गं मंजू. यांत निदान वाळू आहे की डांबर आहे, एवढं तरी कळायचं. अगदी पुसट. तेवढ्यासाठी घालायचे." मी तुझे पाय मांडीवर घेतले. त्या दिवशी मला तुझा राग आला नाही. एवढ्याशा जाणिवेसाठी तू पहाटे उठून किनाऱ्यापर्यंत धावायचीस, आणि मला वाटायचं तुझं सगळं छान चाललंय.

बोट काढलं. वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी आई आल्या, चादर वर करून बघितलं आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "त्या पायाला काय नाय?" मी म्हटलं, आई, त्या पायाला बोट नाही. त्या पदराआडून रडायला लागल्या. पण त्यांचं सोड, त्या जुन्या. तू काय म्हणालीस? "मंजू, माझ्या डाव्या पायातलं काढून उजव्या पायाच्या मधल्या बोटात घाल गं. उजवा पाय शुभाचा, तो रिकामा नको. ह्यांना हायवेनं ये-जा करावी लागतेय सारखी." मी नाही म्हटलं. घालणार नाही, मरेन पण घालणार नाही, असं म्हटलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. सकाळी मी आले तेव्हा डावा पाय रिकामा होता आणि उजव्या पायाच्या मधल्या बोटात ती तार होती. कुणी घातली, मी विचारलं नाही. तू डोळे मिटून होतीस, आणि त्यानंतर विष रक्तात गेलं, आणि तू माझ्याशी नीट बोललीच नाहीस. मी अजूनही घातली नसती, ताई. हे तुला कळू दे.

आता कालचं ऐक. सवाष्ण गेली की तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. घरातली सवाष्ण म्हणजे मीच. पाटावर बसवलं. हिरवी साडी, बांगड्या, ओटी, सगळं झालं. मी बसले, कारण कुणी का असेना, तुझ्या नावाचं पान रिकामं नको. वांग्याची भाजी होती, तुला आवडायची तशी. मग शेजारच्या काकूंनी तबकातून जोडव्यांचा नवा जोड उचलला. जाड, घुंगरांची. माझ्या पायाशी वाकल्या. मी पाय साडीखाली ओढून घेतले.

"घे गो," आई म्हणाल्या. "तिच्या नावाचा वान हाय."

मी म्हटलं, "आई, सगळ्यांना शुगरनं गेली म्हणून सांगताय ना? सांगा. पण शुगर घेऊन ती आणखी कितीतरी वर्षं धावली असती. तिला या जोडव्यानं नेलं. आणि आता तेच तिच्या नावानं माझ्या पायात?" पंगतीत कुणी घास उचलेना. काकू जोडवी हातात धरून तशाच वाकलेल्या. आई म्हणाल्या, "सवाष्णीच्या पानावर असा बोलू नये, मंजू." मला वाटलं, आता मी उठते.

तेवढ्यात दादा. आमटीचं पातेलं घेऊन वाढत होते. ते थांबले. पातेलं खाली ठेवलं, काकूंच्या हातातून ती जोडवी घेतली.

"राहू दे, आई," ते म्हणाले. "कुनी घालू नका हिला. मंजू, तुझीपन काढून टाक. काय होत नाय. मी सांगतो ना, काय होत नाय."

आणि पातेलं उचलून पुढच्या पानावर आमटी वाढायला लागले. डोळे भरलेले होते त्यांचे, मी बघितलं. सगळ्या हळहळल्या. किती समंजस माणूस, अशी कुजबुज झाली. मलाही भरून यायला हवं होतं, पण मला एवढा राग आला की घास गिळवेना. इतकं सोपं होतं? आमटी वाढता वाढता बोलता येतं, इतकं सोपं? तू त्यासाठी दोन वर्षं थांबलीस, ताई. तार वळून आणलीस, हळद भरलीस, पायाचं बोट गेलं तरी थांबलीस. आणि काल तुझ्या नवऱ्यानं जोडवी काढायची परवानगी दिली. मला. मी तर मागितलीही नव्हती.